सेवा आणि देखरेख

(सार्वजनिक परसबाग आणि पोषण-शिक्षण या कामी स्वयंसेवकांवर देखरेख करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे उमरखेड येथे केलेले भाषण)



सार्वजनिक परसबागेत श्रमणाऱ्या आणि घरोघर जाऊन आहाराची माहिती देणाऱ्या स्वयंसेवकांवर देखरेख कशी करावी, या विषयावर मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. विषय वरवर पाहता लहान दिसतो. वाफे, बियाणे, पाणी, भाजी आणि काही तरुण मुले-मुली, एवढाच त्याचा पसारा. त्यात वकिलाचे काय काम, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु जेथे एक माणूस दुसऱ्या माणसाला काम नेमून देतो आणि त्या कामावर नजर ठेवतो, तेथे न्यायाचा प्रश्न उपस्थित झाल्याशिवाय राहत नाही. ज्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने नेमून दिलेले काम निमूटपणे करण्यात खर्ची पडल्या, त्या समाजाने तर हा प्रश्न सर्वांच्या आधी विचारला पाहिजे.

सेवा आणि वेठ यांत बाह्यतः फारसा फरक दिसत नाही. दोहोंतही घाम गाळावा लागतो आणि दोहोंतही मजुरी मिळत नाही. मग फरक कशात आहे? सेवा करणारा स्वेच्छेने येतो, त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार असतो, त्याच्या कामाचे तास ठरलेले असतात आणि काम संपल्यावर तो जसा ताठ मानेने आला तसाच ताठ मानेने घरी जातो. वेठ करणाऱ्याला यांपैकी एकही गोष्ट लाभत नाही. भारताच्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस व तत्सम सक्तीच्या श्रमास बंदी केली आहे. सार्वजनिक कार्यासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला तेथे आहे. मात्र ती लादताना धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही, अशी अट त्याच अनुच्छेदात घातलेली आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. सक्ती केवळ दंडुक्याची नसते, पोटाची भूक हीदेखील सक्तीच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. तेव्हा स्वयंसेवकांवर देखरेख करणाऱ्याने प्रथम स्वतःला विचारावे : माझ्यासमोर उभा असलेला हा मुलगा येथे खुशीने आला आहे, की प्रमाणपत्राच्या, गुणांच्या वा कोणाच्या रागाच्या भीतीने आला आहे? भीतीने आलेल्याकडून वाफा खणून घेता येईल. सेवा करून घेता येणार नाही.

आपल्या देशात विद्यार्थ्यांच्या सेवेला एक रीतसर चौकट आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत सामील झाले. या योजनेत स्वयंसेवकाने दर वर्षी १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावयाची असते आणि प्रत्येक पथकावर एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेला असतो. या आकड्यांकडे मी आपले लक्ष एका कारणासाठी वेधतो. तास मोजलेले आहेत, याचा अर्थ सेवेला मर्यादा आहे. तासांची नोंद होते, याचा अर्थ सेवेला साक्ष आहे. आणि जबाबदार माणूस नेमलेला आहे, याचा अर्थ बरेवाईट घडल्यास जाब कोणाला विचारावयाचा हे ठाऊक आहे. आपली परसबाग एखाद्या महाविद्यालयाच्या पथकाच्या मदतीने चालो, की वस्तीतील तरुणांच्या बळावर चालो, या तीन गोष्टी तिला हव्यातच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परसबाग कशासाठी? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि ३६ मुलांचे वजन कमी होते. १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांना पंडुरोग असल्याचे आढळले. आपल्या तालुक्यात पैनगंगेच्या काठची काळी जमीन आहे. तीत कापूस पिकतो, सोयाबीन पिकते, ऊस पिकतो. परंतु जी बाई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करते, तिच्या ताटात हिरवी भाजी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी येते आणि दोन दिवसांत संपते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे सांगितले आहे. चार प्रौढांच्या घराला रोज १,६०० ग्रॅम भाजी लागेल. हा हिशेब आपल्या स्वयंसेवकांपुढे उघडपणे मांडा. चार वाफ्यांची बाग ही गरज पुरी करू शकत नाही, हे त्यांना कळू द्या. बाग करू शकते ते एवढेच, की रोजच्या ताटात मूठभर पालेभाजी, एक लिंबू, शेवग्याच्या शेंगा आणून पोहोचविणे; आणि मुलांच्या डोळ्यांना व जिभेला त्यांची सवय लावणे. खोटी आशा दाखवून जमविलेले स्वयंसेवक पहिल्याच हंगामात निघून जातात.

येथे मला पहिला इशारा द्यावयाचा आहे. आपली बाग ही सरकारच्या कर्तव्याची जागा घेण्यासाठी नाही. अन्न हा दयेचा विषय राहिलेला नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. त्याच कायद्याने गर्भवती व स्तनदा मातांना, अंगणवाडीतील बालकांना आणि शाळेतील मुलांना आहाराचा हक्क दिला. शाळेच्या मध्यान्ह भोजनात प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. त्यात भाजीचे प्रमाण अनुक्रमे ५० आणि ७५ ग्रॅम ठरविलेले आहे. शाळेच्या आवारातील बागेसाठी २०१९ साली केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परंतु बागेत पालक उगवला म्हणून भाजीचा ठरलेला खर्च कोणी वाचवू लागेल, तर आपल्या मुलांनी गाळलेला घाम त्यांच्याच ताटातून वजा झाला असे म्हणावे लागेल. बागेतील भाजी ठरलेल्या आहारात भर म्हणून पडली पाहिजे. ती तशी पडते की नाही, हे पाहणे देखरेख करणाऱ्याचे काम आहे. स्वयंसेवकाला वाफ्याबरोबर हे आकडेही शिकवा. ज्याला हक्क ठाऊक आहे, तोच दुसऱ्याला तो सांगू शकतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्यापैकी पुष्कळांजवळ घराच्या उंबऱ्यापुढे जमीन नाही. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. तो प्रश्न अद्याप संपलेला नाही. म्हणूनच सार्वजनिक बागेसाठी जागा घेताना उत्साहाच्या भरात पडीक तुकडा दिसला की कुदळ मारू नका. २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. गायरानावर परवानगीवाचून लावलेली बाग एका नोटिशीने उखडली जाऊ शकते. शाळेचे, अंगणवाडीचे वा ग्रामपंचायतीचे आवार निवडा. ग्रामसभेत ठराव मांडा. त्यात जागेच्या चतुःसीमा, मुदत, पाणी कोठून घ्यावयाचे आणि उत्पन्न कोणाला मिळावयाचे, या चारही गोष्टी लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल जवळ ठेवा. तोंडी परवानगी ही वाऱ्यावर लिहिलेली अक्षरे होत.

पाण्याविषयी तर आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर त्या तळ्यावरील हक्काचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. आज संविधानाचा १५ वा अनुच्छेद आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा सार्वजनिक विहिरी व नळ सर्वांना मोकळे ठेवतो. बागेसाठी पाणी आणताना एखाद्या स्वयंसेवकाला हातपंपावर कोणी थांबवील, तर देखरेख करणाऱ्याने त्याला 'दुसरीकडून आण' असे सांगू नये. स्वतः त्याच्यासोबत त्या पंपावर जावे, घडले ते दिनांकासह लिहून ठेवावे आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. वाद टाळण्यासाठी मुलाला माघारी पाठविणे म्हणजे हक्कालाच माघारी पाठविणे होय.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. माझ्या दृष्टीने साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. एका गावच्या शिबिरात मी असे पाहिले, की हजेरीचे पुस्तक, मोजपट्टी आणि भाषण करण्याचे काम काही ठराविक मुलांकडे होते आणि शेणखत वाहणे, गटाराचे पाणी वळविणे, खड्डा साफ करणे ही कामे दुसऱ्या काही ठराविक मुलांकडे होती. ही वाटणी कोणी मुद्दाम केली नव्हती. विचारले असता उत्तर मिळाले, 'त्यांना त्या कामाची सवय आहे.' या सवयीच्या नावाखालीच तर हजार वर्षे कामे वाटली गेली! मुली नेहमी चहा करणार आणि मुले नेहमी फलक धरणार, हीदेखील त्याच झाडाची फांदी आहे. यावर उपाय सोपा आहे. कामांचे पाळीपत्रक करा. खत, पाणी, निंदण, नोंद, घरभेट आणि झाडलोट अशी सहा कामे लिहा आणि दर आठवड्याला ती फिरवा. त्या पत्रकात देखरेख करणाऱ्याचेही नाव असले पाहिजे. आपल्या विभागाचे विद्यापीठ ज्या संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते, ते गावात शिरल्यावर आधी स्वतः हाती खराटा घेत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. देखरेखीचा तो पहिला धडा समजावा.

चौथी गोष्ट जिवाच्या सुरक्षिततेची. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. ती हकीकत ज्या जिल्ह्यात घडली, तेथील बागेत स्वयंसेवकाच्या हाती विषारी औषधाचा पंप देणे हा अक्षम्य निष्काळजीपणा ठरेल. सार्वजनिक परसबागेत रासायनिक कीटकनाशक आणूच नये. पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाण्याला पाच टक्क्यांचा अर्क होतो. लहान बागेला त्याच प्रमाणात थोडा करावा. शेतातील औषधाचे रिकामे डबे पाणी वाहण्यासाठी कदापि वापरू नयेत, मग ते कितीही धुतलेले असोत. हंगामात मुलांना उन्हाच्या आधी, सकाळी काम द्यावे. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने ते हलवावे. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे, आणि त्यासाठी वाहन कोणाचे व दूरध्वनी कोणता, हे बागेच्या फाटकावर लिहून ठेवावे. अठरा वर्षांखालील स्वयंसेवक असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी. अंधार पडल्यावर मुलींना एकटे घरभेटीस पाठवू नये, आणि कोणताही मोठा स्वयंसेवक लहान मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम संकोच न करता प्रथम दिवशीच सांगावा.

आता पोषण-शिक्षणाकडे येतो. वाफा चुकला तर पुन्हा खणता येतो. परंतु एखाद्या आईच्या दारात जाऊन तिचा अपमान केला, तर ते दार पुन्हा उघडत नाही. दोन पुस्तके वाचलेला तरुण जेव्हा म्हणतो, 'तुम्हाला मुलाला काय खाऊ घालावे ते कळत नाही,' तेव्हा तो नकळत जुन्याच उच्चनीचतेची भाषा बोलत असतो. पहाटे चूल पेटवून, दिवसभर मजुरी करून, सायंकाळी परतणाऱ्या स्त्रीला ज्ञानाची उणीव नसते. वेळेची आणि पैशाची उणीव असते. म्हणून स्वयंसेवकाला आधी विचारावयास शिकवा, मग सांगावयास. या घरात कोणत्या भाज्या रांधल्या जातात? अंबाडी, तांदूळजा, घोळ, तरोटा यांची ओळख आजीला आहे आणि नातीला नाही, असे पुष्कळदा आढळते. तेव्हा त्या आजीलाच बागेत बोलावून शिकवू द्या. मग आपल्या बाजूची थोडीच माहिती जोडा : पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अंगी अधिक लागते, जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी लागते, सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधासोबत वरचा घट्ट आहार द्यावा लागतो. आणि हे केवळ आईला सांगू नका. बापाला, सासूला, सासऱ्यालाही बसवा. घरात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवणारी स्त्री जर आजारी पडत असेल, तर त्यावरचा उपाय वाफ्यात उगवत नाही. तो ताट वाढण्याच्या क्रमात आहे.

मुलांचा दंड मोजण्याची पट्टी काही स्वयंसेवकांच्या हाती दिली जाते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानतात. साडेअकरा ते साडेबारा हे मध्यम कुपोषणाचे. हे ज्ञान उपयोगाचे आहे. परंतु स्वयंसेवक वैद्य नव्हे. त्याने निदान करू नये, औषध सांगू नये. अंगणवाडी सेविकेला व आरोग्य केंद्राला कळवावे. चारचौघांत मुलाचे वजन पुकारू नये. त्याचे छायाचित्र काढून भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पाठवू नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो हक्क बंगल्यात राहणाऱ्याचा जसा आहे, तसाच झोपडीतील अशक्त बाळाचाही आहे.

अंगणवाडी सेविकेचा उल्लेख आला, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हापासून या भगिनींना 'मानसेवी' म्हटले गेले आणि वेतनाऐवजी मानधन दिले गेले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला. सेवेच्या गोड नावाखाली कष्टाचा मोबदला कसा अडतो, याचे हे जिवंत उदाहरण आहे. आपल्या स्वयंसेवकांनी सेविकेला, मदतनीसाला, स्वयंपाकी भगिनीला हातभार लावावा; परंतु त्यांचे काम फुकट करून त्यांची जागा रिकामी पाडू नये. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी व मदतनीस म्हणून दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगितले आहे. त्या आदेशामागे रोजगार आहेच. पण एका पंक्तीत, एका हातचे अन्न सर्व मुलांनी खावे, हा त्याहून मोठा हेतू आहे. आपल्या बागेतील भाजी ज्या दिवशी शिजेल, त्या दिवशी सर्व स्वयंसेवकांनी शाळेच्या पंक्तीत बसून ती खावी. कोण जेवला आणि कोण काही निमित्त काढून उठला, हे देखरेख करणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. उठलेल्यास हाकलून देऊ नका. पण गप्पही बसू नका. त्याच्याशी एकांतात बोला, पुढील पाळीत त्याला वाढण्याच्या कामात घ्या.

शेवटी नोंदीविषयी. सप्टेंबरात पोषण महिना येतो, फलक लागतात, छायाचित्रे निघतात. आणि मार्चमध्ये परीक्षा आल्या की विद्यार्थी निघून जातात, एप्रिलच्या उन्हात वाफे करपतात. हे टाळावयाचे तर वर्षाचा आराखडा आधी हवा. पावसाळ्यात दोडके, भोपळा, चवळी; दिवाळीनंतर मेथी, पालक, वांगी; आणि उन्हाळ्याची तजवीज म्हणून पहिल्याच वर्षी शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई ही टिकणारी झाडे, हातपंपाच्या सांडपाण्याच्या वाटेवर. विद्यार्थी गेल्यावर पाणी कोण घालणार, त्या घराचे नाव आधीच ठरवा. एक वही करा : दिनांक, स्वयंसेवकाचे नाव, तास, काम, निघालेली भाजी किती व कोणाला दिली. ती वही कुलुपात न ठेवता अंगणवाडीत टांगा, आणि महिन्यातून एकदा सर्वांसमक्ष वाचा. भाजीची जुडी कोणाच्या घरी गेली हे जेथे सर्वांना कळते, तेथे संशयाला थारा राहत नाही. त्याच सभेत स्वयंसेवकांना देखरेख करणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याचीही मोकळीक असावी. जो दुसऱ्याच्या कामाची झडती घेतो, त्याने स्वतःच्या वागण्याची झडती देण्यास तयार असले पाहिजे.

मित्रहो, देखरेख म्हणजे मुकादमी नव्हे. मुकादमाला काम पुरे झाल्याशी कर्तव्य असते. आपल्याला काम करणारा माणूस मोठा झाल्याशी कर्तव्य आहे. वर्ष संपेल तेव्हा आपल्या बागेचे माप केवळ किलोंत करू नका. शेणखत वाहण्यास लाजणारा मुलगा ते वाहू लागला काय? हजेरीच्या वहीला हात लावण्यास भिणारी मुलगी ग्रामसभेत उभी राहून जमाखर्च वाचू लागली काय? शाळेच्या भाजीचे माप कमी भरले तर विचारणारी आई वस्तीत तयार झाली काय? या तीन प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील, तर दुसऱ्या वर्षी देखरेखीसाठी बाहेरून माणूस आणावा लागणार नाही. ती मुलगीच वही हाती घेईल, आणि आपण तिच्या पाळीपत्रकात आपले नाव शोधावे.